क्षयरोग्याच्या ताटात काय असावे?

गेल्या महिन्यात तालुक्याच्या गावाहून एका भगिनीचे पत्र आले. त्यांच्या धाकट्या दिराला टी.बी. झाला आहे. बेडक्यात जंतू सापडले आणि सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. सासूबाईंनी त्याचे केळे, दही, भात आणि अंडी बंद केली आहेत. केळ्या-दह्याने कफ होतो व अंडे उष्ण पडते, असे त्यांचे म्हणणे. ताट-वाटी वेगळी काढली आहे. भगिनी विचारतात, ‘‘त्यांना नक्की काय खायला द्यावे? आणि घरात माझी दोन लहान मुले आहेत, त्यांना धोका आहे का?’’

उत्तर पोस्टकार्डावर मावले असते. पण हे पत्र वाचताना मला माझ्याच एका जुन्या रुग्णाची आठवण झाली, आणि त्या वेळी मी जे केले ते चुकले होते असे आज वाटते. गेल्या काही वर्षांत आपल्याच देशात झालेल्या एका संशोधनाने ती चूक माझ्यापुढे आकड्यांत मांडली. म्हणून आजचा सारा लेख या एकाच पत्रासाठी.

ही गोष्ट २०११ सालची. मार्केट यार्डात हमाली करणारा पंचेचाळिशीचा एक गृहस्थ माझ्याकडे खोकला घेऊन आला. तीन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळी कणकण, रात्री घाम. मी बेडका तपासायला पाठवले. निदान झाले, औषधे सुरू झाली. तो अधूनमधून माझ्याकडे येत राहिला. ‘‘डॉक्टर, अंगात त्राण नाही,’’ म्हणायचा. मी दरवेळी एकच सांगत असे, ‘‘एकही गोळी चुकवू नका. बाकी सगळे आपोआप होईल.’’ त्याने एकही गोळी चुकवली नाही. सातव्या आठवड्यात तो गेला. घरच्यांनी ठरवले की त्याला गोळ्या सोसल्या नाहीत.

वर्ष-सव्वा वर्षाने त्याची सतरा वर्षांची मुलगी तोच खोकला घेऊन आली. तिच्या आईने पिशवीतून नवऱ्याचे जुने उपचार कार्ड काढले. त्यावर पहिल्या दिवशीचे वजन होते ३६ किलो. पुढच्या रकाने कोरे. माझ्या दवाखान्यात, रुग्ण बसतो त्या बाकाशेजारीच, वजनकाटा ठेवलेला आहे. त्या सात आठवड्यांत तो माणूस त्या काट्याशेजारी चार-पाच वेळा बसला असेल. मी त्याला एकदाही त्यावर उभे केले नाही, आणि घरी काय शिजते हेही विचारले नाही.

आम्हाला शिकवले काय होते?

यात निष्काळजीपणा होताच, पण त्यामागे एक शिकवणही होती. क्षयावर औषध नव्हते त्या काळी हवा, विश्रांती आणि खुराक हाच उपचार. पाचगणी, मिरज येथील सॅनेटोरियम त्यासाठीच. दूध, अंडी, लोणी असा खुराक महिनोन्‌महिने चाले. ज्यांना परवडे ते जात, बाकीचे घरीच खंगत. स्ट्रेप्टोमायसिन आणि त्यामागून आयसोनियाझिड आल्यावर प्रश्न उभा राहिला की, आता या सॅनेटोरियमची गरज आहे का?

त्याचे उत्तर मद्रासने दिले. १९५६ मध्ये तेथे एक मोठा अभ्यास सुरू झाला. शहरातील गरीब क्षयरुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये चांगले अन्न, मोकळी हवा आणि विश्रांती. दुसऱ्या गटाने आपल्या कोंदट खोलीत राहून, आपले रोजचे तुटपुंजे अन्न खाऊन, फक्त औषधे घ्यायची. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. वर्षाअखेर दोन्ही गटांत बरे होणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ सारखे होते. सॅनेटोरियमवाल्यांचे वजन अधिक वाढले, एवढाच काय तो मोठा फरक.

या अभ्यासाचे जगावर उपकार आहेत. क्षयाचा उपचार घरबसल्या होतो हे त्याने सिद्ध केले आणि लाखो गरिबांना खाटेची वाट पाहण्यातून सोडवले. मात्र आम्ही विद्यार्थी त्यातून एक जादा धडा शिकलो. औषध पोटात गेले की अन्नाचे काही अडत नाही, असा तो धडा. अभ्यासाने तसे म्हटले नव्हते. जंतू मारायला सॅनेटोरियमचा खुराक आवश्यक नाही, इतकेच त्याने दाखवले होते. अगदी खंगलेला माणूस पहिल्या दोन महिन्यांत जगेल का, आणि त्याच्या घरातल्या अर्धपोटी माणसांपैकी पुढे किती आजारी पडतील, हे निराळे प्रश्न होते.

जंतू आणि भूक

वाचकांना एक गोष्ट नेहमी चकित करते. क्षयाचा जंतू शरीरात शिरला म्हणजे क्षय झाला, असे नसते. रुग्णाच्या खोकल्यातून तो हवेत येतो आणि शेजारच्याच्या श्वासातून फुप्फुसात उतरतो. तेथे शरीरातील संरक्षक पेशी त्याच्याभोवती कुंपण घालतात. असा कोंडलेला जंतू वर्षानुवर्षे गप्प पडून राहतो. जंतू शिरलेल्या शंभर जणांपैकी आयुष्यभरात साधारण पाच ते दहा जणांनाच रोग होतो. बाकीच्यांना आपल्या छातीत काय निजले आहे याचा पत्ताही लागत नाही.

हे कुंपण राखायला रोजचे अन्न लागते. माणूस उपासमारीत गेला की संरक्षक पेशी कमी होतात, दुबळ्या पडतात आणि कुंपण ढासळते. मधुमेह, एच.आय.व्ही., दारू आणि तंबाखू यांनीही ते ढासळते. पण आपल्या देशात सर्वांत मोठा वाटा कुपोषणाचा आहे. मग रोग जडला की भूक मरते, ताप स्नायू जाळतो आणि वजन आणखी उतरते. रोगाने अशक्तपणा की अशक्तपणाने रोग, असे कोणी विचारले तर दोन्ही खरे.

उंचीच्या मानाने वजन किती, हे मोजण्याचे एक माप आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. उत्तर साडेअठराच्या खाली आले तर माणूस कृश, सोळाच्या खाली आले तर अतिकृश. वेगवेगळ्या देशांतील अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये असे दाखवले गेले की, हे माप एकाने वाढले की क्षय होण्याचा संभव सुमारे १४ टक्क्यांनी घटतो. सव्वापाच फूट उंचीच्या माणसाला एक अंक वाढवायला सुमारे अडीच किलो वजन लागते. अडीच किलो म्हणजे काही फार नव्हे.

औषधे नसतानाच्या काळातला एक दाखलाही सांगण्याजोगा आहे. इंग्लंडात केंब्रिजजवळ पॅपवर्थ येथे डॉ. व्हेरियर-जोन्स यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास क्षयरुग्णांची एक वसाहत वसवली. रुग्णाला तेथे काम, पुरेसा पगार, नीट घर आणि पोटभर अन्न मिळे, आणि त्याचे कुटुंबही बरोबर राही. त्या वसाहतीत जन्मलेली मुले क्षयी आई-बापांच्या सोबतच वाढली. जंतू त्यांच्याही शरीरात शिरला होता. तरी रोग मात्र फारच थोड्यांना झाला.

झारखंडचा शिधा

आता मूळ संशोधनाकडे येतो. डॉ. अनुराग भार्गव व डॉ. माधवी भार्गव हे दांपत्य छत्तीसगडात बिलासपूरजवळील गनियारी येथील ग्रामीण रुग्णालयाशी जोडलेले होते. २००४ ते २००९ या काळात तेथे आलेल्या १,६९५ क्षयरुग्णांची वजने अभ्यासली गेली. मध्यावरच्या पुरुषाचे वजन भरले ४२ किलो, आणि स्त्रीचे ३४ किलो. ही वाढ झालेल्या माणसांची वजने आहेत, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. चौतीस किलो वजन आपल्याकडे पाचवी-सहावीतल्या मुलीचे असते.

पुढे हेच दांपत्य मंगळुरूच्या येनेपोया वैद्यकीय महाविद्यालयात गेले. तेथून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आय.सी.एम.आर.च्या, अर्थसाहाय्याने त्यांनी झारखंडच्या चार जिल्ह्यांत एक चाचणी सुरू केली. काम २०१९ ते २०२२ असे, मधल्या करोनाच्या दिवसांतही, चालले. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ आणि ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकांत ते प्रसिद्ध झाले. चाचणीचे नाव ‘रेशन्स’.

फुप्फुसाचा क्षय झालेले २,८०० रुग्ण आणि त्यांच्या घरातील १०,३४५ माणसे त्यात होती. सर्वच रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर सहा महिने शिधा दिला. महिन्याला पाच किलो तांदूळ, तीन किलो कडधान्य, दीड किलो दूधभुकटी, अर्धा लिटर तेल आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. दिवसाकाठी यातून १,२०० कॅलरी आणि ५२ ग्रॅम प्रथिने मिळतात. घरातल्या इतर माणसांचे मात्र दोन गट केले. निम्म्या भागांत त्यांनाही माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ व जीवनसत्त्वे दिली. उरलेल्या भागांत घरच्यांना जादा काही दिले नाही. कोणता भाग कोणत्या गटात, हे आधी चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले होते.

नंतर दोन्ही गटांवर लक्ष ठेवले. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. तपासणीत जंतू सापडणारा, म्हणजे इतरांना पसरणारा, फुप्फुसाचा क्षय ४८ टक्क्यांनी कमी. यात लस नाही, नवे औषध नाही. तांदूळ आणि डाळ आहे. संशोधकांच्या हिशेबाने साधारण तीस घरांना शिधा दिला की एका माणसाचा क्षय टळतो.

रुग्णांचा भाग मला अधिक लागला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्के वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका न वाढलेल्यांपेक्षा ६१ टक्क्यांनी कमी होता. एक टक्का वाढले तरी १३ टक्के कमी. माझ्या हमाल रुग्णाच्या छत्तीस किलोचे पाच टक्के म्हणजे एक किलो आठशे ग्रॅम.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. रुग्णांपैकी कोणालाही शिध्याविना ठेवले नव्हते. तसे ठेवणे नीतीला धरून झाले नसते. त्यामुळे शिध्याने नेमके किती मृत्यू टळले, याचा थेट हिशेब या आकड्यातून निघत नाही. ज्याचा रोग आतून हटतो आहे त्याचे वजन वाढते, असेही काही अंशी असणार. घरच्या माणसांचा निष्कर्ष मात्र दोन गटांच्या तुलनेतून आलेला आहे आणि तो भक्कम आहे. शिवाय झारखंडमधील ही कुटुंबे बहुतांशी आदिवासी व अतिशय गरीब होती. ज्या घरात सगळे पोटभर जेवतात तेथे वर डाळ-तांदूळ दिल्याने असाच फरक पडेल, असे कोणी समजू नये. तरी आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या, वीटभट्ट्या आणि यार्डातली हमालवस्ती पाहिल्यावर झारखंड फार दूर आहे असे मला वाटत नाही.

दिराचे ताट

आता पत्रातल्या प्रश्नाकडे. क्षयरोग्याला कोणतेही पथ्य नाही. केळे, दही, ताक, भात आणि अंडी सगळे चालते. केळ्याने फुप्फुसात कफ होत नाही. खोकल्याचे कारण जंतू आहे आणि तो दह्यात नसतो. वर्ज्य करायची तर दारू करा, कारण या गोळ्यांचा भार यकृतावर पडतो आणि दारूने यकृत आधीच दमलेले असते. विडी-तंबाखूही सोडायची.

नेहमीच्या जेवणाव्यतिरिक्त, झारखंडच्या शिध्याच्या तोडीचे अन्न आपल्या स्वयंपाकघरातून असे निघते. दिवसभरात वाटीभर, म्हणजे शंभर ग्रॅम कच्ची डाळ, मग ती तुरीची, मुगाची किंवा मसुराची. भाजलेले शेंगदाणे दोन मुठी, गुळाबरोबर किंवा कुटाच्या चटणीत. दोन अंडी. पेलाभर दूध. एक जास्तीची भाकरी आणि भाजी-आमटीत दोन चमचे जास्तीचे तेल. एवढ्यात १,२०० कॅलरी आणि ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिने होतात. जे अंडी खात नाहीत त्यांनी मूठभर सोयाबीनच्या वड्या घ्याव्यात. त्या स्वस्त पडतात आणि त्यांत प्रथिने भरपूर असतात. महागडे प्रोटीन पावडरचे डबे घेण्याची गरज नाही. डबा आणण्यासाठी दूध बंद केलेले घर मी पाहिले आहे.

भूक मेलेली असते, म्हणून दोनदा भरलेले ताट पुढे करून उपयोग नाही. थोडे थोडे, पाच-सहा वेळा द्यावे. ज्याने कित्येक दिवस जवळजवळ काहीच खाल्लेले नाही, त्याला एकदम भरपूर खाऊ घालणे धोक्याचेही असते. तेथे डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू वाढवावे. मधुमेह असेल तर भात, गूळ यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. मधुमेह असल्याचे माहीत नसेल तर रक्तातील साखर एकदा तपासून घ्यावी.

आणखी एक घोटाळा वारंवार दिसतो. गोळ्या उपाशीपोटी घ्यायला सांगतात, म्हणून काही जण सकाळचे अन्नच टाळतात आणि दुपारी एकला जेवतात. गोळ्या घेतल्यावर तासाभराने भरपेट न्याहारी करावी. गोळ्यांनी फार मळमळत असेल तर हलक्या खाण्याबरोबर घेतल्या तरी चालतात, पण गोळी बंद करू नये. लघवी नारिंगी होते ती औषधाच्या रंगाने. त्याला घाबरू नये. डोळे पिवळे झाले, सतत उलट्या होऊ लागल्या किंवा पोटात उजवीकडे दुखू लागले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

अन्न हे औषधाच्या जागी नाही, हे ठळक अक्षरांत लिहायला हवे. केवळ खुराकावर राहिलेला क्षयरोगी काही काळ बरा दिसतो आणि जंतू पसरवत राहतो. सहा महिन्यांचे औषध पुरे झालेच पाहिजे.

केव्हा दवाखान्यात ठेवावे?

क्षयाने होणारे बरेचसे मृत्यू उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांतच होतात. तामिळनाडू सरकारने २०२२ पासून यासाठी एक साधी पद्धत घातली आहे. निदान झाल्याबरोबर प्रत्येक रुग्णाच्या काही गोष्टी पाहायच्या. उंचीच्या मानाने वजन किती, पायांवर सूज आहे का, श्वास मिनिटाला किती लागतो, रक्तातला प्राणवायू किती, आणि रुग्ण आधाराशिवाय उभा राहू शकतो का. यात जो गंभीर ठरेल त्याला घरी न पाठवता दाखल करून घ्यायचे. यातली एकही तपासणी महाग नाही. माझा रुग्ण शेवटच्या खेपेला बायकोच्या खांद्यावर हात टाकून आला होता. मी त्याला अशक्तपणाची बाटली लिहून दिली.

मुलांचे काय?

क्षय ताटा-वाटीतून पसरत नाही, हवेतून पसरतो. तेव्हा ताट वेगळे काढण्याऐवजी खिडकी उघडा. रुग्णाने खोकताना तोंडावर रुमाल धरावा, पहिले काही आठवडे मुलांजवळ झोपू नये आणि शक्य तितके मोकळ्या हवेत बसावे. औषधे नीट चालू असली की पसरण्याचा धोका लवकर उतरतो.

मात्र घरातील प्रत्येकाची तपासणी व्हायलाच हवी, विशेषतः पाच वर्षांखालील मुलांची. क्षय नाही अशी खात्री झाल्यावर घरच्यांना प्रतिबंधक औषध देतात. ते रोज सहा महिने किंवा आठवड्यातून एकदा असे बारा आठवडे असते. कोणते द्यायचे ते सरकारी केंद्रावर ठरवतात आणि ते मोफत मिळते. मुलांना पोटभर डाळ-भाकरी-दूध मिळते का, याकडेही तितकेच लक्ष द्यावे. झारखंडने शिकवले ते हेच. रुग्णाला शिरा आणि पोरांना कोरडी भाकरी असे करू नका.

पैशांचे म्हणाल तर ‘निक्षय पोषण योजने’खाली क्षयरुग्णाला उपचार चालू असेपर्यंत सरकारकडून रक्कम मिळते. २०१८ मध्ये ती महिना ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाली. खासगी डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्यालाही ती मिळते, फक्त त्या डॉक्टरने रुग्णाची नोंद सरकारकडे केलेली असली पाहिजे. बँकेचे पासबुक आणि आधार कार्ड घेऊन केंद्रावर जावे. पहिली रक्कम यायला उशीर झाला तर दुकानदाराकडे डाळ उधार घ्या, पण थांबू नका. झारखंडमधील रुग्णाच्या शिध्याचा खर्च महिन्याला सुमारे १३ डॉलर, म्हणजे हजार रुपयांच्या आसपास आला होता.

त्या हमालाची मुलगी बरी झाली. तिचे वजन मी दर पंधरवड्याला स्वतः घेत असे आणि तिच्या आईला आकडा मोठ्याने वाचून दाखवत असे. ३४ किलोवर आलेली मुलगी सहा महिन्यांत ४१ किलोची झाली. तेव्हा झारखंडची चाचणी सुरूही झाली नव्हती. मी शहाणा झालो होतो असे नाही, घाबरलो होतो.

पत्र पाठविणाऱ्या भगिनींनी दिराचे वजन कळवलेले नाही. त्यांनी ते उद्याच काट्यावर करून, तारखेसह उपचार कार्डावर लिहून घ्यावे. पुढे दर पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर, शक्यतो त्याच वेळी वजन करावे. महिनाभरात काटा जागचा हलला नाही किंवा खाली आला, तर गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांकडे दिराला घेऊन जावे आणि ते आकडे त्यांच्यापुढे ठेवावेत. सासूबाईंना हा अंक वाचून दाखवायला माझी हरकत नाही.